तंदूराखालचा तळखडा

मातीतून माती वेगळी काढणं हे माझं काम. ऐकायला सोपं वाटतं ना? करून बघा. इराणातल्या मर्वदश्तच्या मैदानात कच्च्या विटांची भिंत पडली की ती आपल्याच मातीत मिसळून जाते. भिंतही माती, ढिगाराही माती, रंग एकच. पूर्वी मोठमोठे विद्वान आले आणि भिंती शोधता शोधता भिंतीच खणून फेकून गेले. मी एकही फेकलेली नाही. थापी भिंतीवरून ओढली की वेगळा आवाज येतो, ढिगाऱ्यावरून ओढली की वेगळा, आणि तो मला ऐकू येतो. गर्व म्हणायचा तर म्हणा. मी अख्तर सोरूशी, याच मैदानात जन्मले, आणि इथली माती मला फसवू शकत नाही. माणसांनी मात्र फसवलं, आणि तेही खरं बोलून.

माझा नोकरीतला तो शेवटचा हंगाम. कबूद नावाच्या गावाला लागून एक बुटकी टेकडी आहे, तिथे मी कितीतरी वर्षं खणत होते. माझं म्हणणं सरळ होतं: इथे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या हखामनी राजांचा दरवाजा होता. खांबांवर उभा असलेला, मोठा, ज्याच्यातून राजाची माणसं राजधानीच्या, तख्त-ए-जमशीदच्या वाटेला लागायची. तेहरानचे डॉक्टर दानेशी म्हणायचे, दरवाजा कसला, वीटभट्टीचा कचरा आहे तो. कोट घालून, चष्मा पुसत पुसत म्हणायचे, त्यामुळे लोकांना खरंही वाटायचं.

एरवी मी त्यांच्याशी मरेपर्यंत भांडत बसले असते, मला काही घाई नव्हती. पण साखर कारखान्याकडे जाणारा रस्ता रुंद करायचं ठरलं आणि नव्या रस्त्याची रेघ बरोब्बर टेकडीच्या पोटातून गेली. शरदातला आबान महिना संपताना कमिटी येणार होती. त्यांनी मला साफ सांगितलं, "खानुम डॉक्टर, मातीच्या भिंती आम्हाला दिसत नाहीत. एक दगड दाखवा, जागचा. मग रस्ता वळवू."

जागचा दगड! इथेच तर घोडं अडलं होतं. कबूदमध्ये राजाचे दगड काय कमी होते? मशिदीच्या नळापाशी हातपाय धुवायला बसतात तो दगड राजाचा. तुतीच्या झाडाखाली म्हातारे सोंगट्या खेळतात तो राजाचा. एका पठ्ठ्याच्या गोठ्याचा उंबरा तर चक्क कोरीव पाकळ्यांचा होता, त्यावरून रोज गाढव आत-बाहेर करायचं. पण हे सगळे हललेले दगड. कुणीतरी कधीतरी उचलून आणलेले. दानेशी लगेच म्हणणार, दुसरीकडून आणले. मला हवा होता तो दगड जो राजाच्या गवंड्याने ठेवला त्याच जागी, त्याच गोट्यांच्या थरावर अजून बसलेला असेल.

आणि तो कुठे आहे ते मला ठाऊक होतं. मी भिंतीचा माग काढत काढत टेकडीवरून खाली उतरले, आणि भिंत गेली ती थेट बीबी सनोबरच्या अंगणात शिरली. माझ्याबरोबर नकाशे काढायला इरज होता, तेहरानचा, चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. त्याने फीत लावली, कागदावर रेघा ओढल्या, पुन्हा ओढल्या, आणि हळूच म्हणाला, "खानुम डॉक्टर, खांब तंदूराखाली येतोय."

बीबी सनोबर ऐंशीला टेकलेली, एकटी. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा फरामर्झ शीराझला. अंगणात जमिनीत पुरलेला तंदूर, पलीकडे डाळिंबाची दोन झाडं, दोन खोल्यांचं घर. आम्ही गेलो तर तिने समोवार पेटवला, चहा दिला, डाळिंबाचे दाणे काढून वाटीत ठेवले. मी चहा पिता पिता अंगणाकडे नुसतं पाहिलं, तर म्हातारीच म्हणाली, "काय, दगड माझ्या तंदूराखाली आहे म्हणे? गावात बोलतायत."

"असेल बीबी, नक्की नाही," मी म्हटलं. खरं तर नक्की होतं.

"मग खण की! तंदूरच काय, अख्खं घर तुझं. माझ्या डोळ्यांवर पाय ठेव आणि खण."

आता आमच्याकडची रीत बघा. आमच्याकडे टॅक्सीवाला भाडं विचारलं की म्हणतो, "राहू द्या हो, तुमच्यापुढे त्याची काय किंमत!" म्हणून काय कुणी पैसे न देता उतरतं? कुणाच्या गालिच्याचं कौतुक केलं की मालक म्हणतो, घेऊन जा. घेऊन जातो का आपण? समोरच्याने द्यायचं, आपण नाही म्हणायचं, त्याने पुन्हा द्यायचं, आपण पुन्हा नाही म्हणायचं. तआरोफ म्हणतात त्याला. त्यातलं खरं कुठलं आणि तोंडदेखलं कुठलं, ते ज्याला कळतं तो इथला. आणि ज्या घरचा तंदूर मोडला ते घर बसलं असं आमची माणसं धरतात. ऐंशी वर्षांची बाई आपला तंदूर मोडायला कशी सांगेल? मी हात जोडले, "देव करो आणि तुमचा तंदूर असाच पेटता राहो, बीबी. आम्ही बाहेरून बघतो."

बीबीने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि माझ्या पेल्यात आणखी चहा ओतला.

दुसऱ्या खेपेला ती म्हणाली, "काय पोरी, खणत का नाहीस? तंदूर काय सोन्याचा आहे?" मी म्हटलं, तुमच्या हातच्या भाकरीपुढे सोनं काय चीज! तिसऱ्या खेपेला ती जरा जोरात म्हणाली. मी जरा जोरात नाही म्हटलं. चौथ्या खेपेला तर तिने कुदळच आणून माझ्यापुढे भिंतीला टेकवली. मी ती उचलून, पुसून, पुन्हा जागेवर ठेवून आले. किती दिलदार बाई, असं म्हणत.

परतताना इरज म्हणाला, "मला वाटतं, ती खरंच सांगतेय."

"तुला वाटतं? अरे तुम्ही तेहरानची माणसं, कुणी 'माझा कोट घ्या' म्हटलं तर बाहीत हात घालून मोकळे व्हाल! मी इथली आहे. मला शिकवू नकोस."

बिचाऱ्याने फीत गुंडाळून पिशवीत टाकली. मी बीबीच्या कुंपणाबाहेर, टोमॅटो काढून मोकळ्या झालेल्या शेतात खणायला सुरुवात केली. काखेत कळसा आणि गावाला वळसा! एक खड्डा, काही नाही. दुसरा, फुटक्या खापऱ्या. तिसऱ्यात दगड निघाला, मी खड्ड्यात उडीच मारली, पण तो नांगराने ओढत आणलेला, उलटा पडलेला. कमिटीचा दिवस जवळ येत चालला. रात्री झोप लागेना, जेवण जाईना. दानेशींचा फोन आला, अगदी गोड आवाजात, "काही मदत हवी का?" मी म्हटलं, नको, देव तुम्हाला सुखी ठेवो. आणि फोन ठेवून काय म्हटलं ते इथे सांगत नाही.

मग एका सकाळी आम्ही शेतात फीत लावत होतो, तर कुंपणापलीकडून धप्प धप्प आवाज यायला लागला. मला वाटलं कुणी लाकडं फोडतंय. इरजने मान उंच करून पाहिलं आणि तो धावतच सुटला. मी मागोमाग. जाऊन पाहते तर बीबी सनोबर, अंगावरची चादर कमरेला घट्ट बांधलेली, दोन्ही हातांनी कुदळ धरून तंदूर फोडतेय! अर्धा कडा पडलाय, राखेचा लोट उठलाय, म्हातारी खोकतेय आणि पुन्हा कुदळ उचलतेय.

"बीबी! अहो काय करताय! थांबा!"

"थांबू? आणखी किती थांबू?" ती ओरडली. "चार वेळा सांगितलं! चार वेळा! कुदळ आणून दिली तर पुसून परत ठेवून आलीस! अगं, शिकलीस कशाला एवढी? म्हातारी खण म्हणते तर खण ना! आता काय रक्ताने लिहून देऊ?"

"मला वाटलं, तुम्ही आपलं... तोंडदेखलं..."

"माझ्या डोक्यात माती! तोंडदेखलं म्हणे! खरं सांगायचं तर कुठल्या तोंडाने सांगायचं असतं, ते तरी सांग!"

शब्द तेच, सूर तोच, चहाचा पेलाही तोच. खरं बोलायला तिच्याकडे वेगळे शब्द नव्हतेच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मातीतली भिंत कानाने ओळखणारी मी! मी तिच्या हातातून कुदळ घेतली, तिला खाटेवर बसवलं, पाणी दिलं, तिच्या हातांचं चुंबन घेतलं. तिने हात झटकून घेतले. "नाटकं नकोत. खण."

खणलं. राख, मग भाजून लाल झालेली माती, मग आणखी जुनी राख. त्याखाली साधी माती. मी इरजला बाजूला सारलं आणि स्वतः गुडघ्यांवर बसले. थापी ओढत गेले, ओढत गेले, आणि आवाज बदलला. माती नव्हे, वीट नव्हे. हाताने झाडलं तर करडा, गुळगुळीत दगड. दुपारपर्यंत अख्खा वर आला: घंटेसारखा फुगीर, खांबाचा तळखडा, बाजूंनी खाली लवलेल्या कमळाच्या पाकळ्या, दातेरी छिन्नीचे वार अजून ताजे वाटावेत असे. आणि खाली, तळाशी, नदीतले गोटे ठासून बसवलेले. जागचा दगड! राजाच्या माणसाने ठेवला तेव्हापासून तो तसूभर हलला नव्हता.

मी ओरडले की नाचले ते मला आठवत नाही. इरज सांगतो की मी दोन्ही केलं, आणि दानेशींचं नाव घेऊन केलं. सगळं गाव गोळा झालं. बीबी खाटेवरून उठली, खड्ड्याच्या काठाशी आली, वाकून बघितलं. "एवढासा? म्हणूनच मेली कडेची भाकरी नेहमी जळायची," ती म्हणाली.

कमिटी आली. तिचे प्रमुख इंजिनीअर तवक्कोली, स्थूल, घामेजलेले, पण मनाने सरळ माणूस. ते खड्ड्यात उतरले, गोट्यांच्या थराला बोट लावलं, तळखड्यावर पाणसळ धरून पाहिली. बुडबुडा एका रेघेनेही सरकला नाही. ते वर आले आणि म्हणाले, "रस्ता वळेल, खानुम डॉक्टर. अभिनंदन. आता संरक्षित हद्द तेवढी आखून द्या. आणि एक चांगली बातमी: म्हातारीचं घर वाचतंय. हद्द घराच्या भिंतीला थांबवू. बीबी, तुम्ही खुशाल राहा इथे, मरेपर्यंत!"

गावकऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी बीबीकडे पाहिलं, तर तिचा चेहरा उतरलेला. घर वाचलेल्या बाईचा चेहरा असा नसतो. तवक्कोलींना मी सांगितलं, हद्द उद्या सकाळी आखते, आज जेवा आणि आराम करा. ते आनंदाने जेवायला गेले. मी मात्र बीबीच्या खोलीत जाऊन बसले.

"आता खरं सांगा," मी म्हटलं. "आणि मी एकदाच विचारणार आहे."

बीबीने साखरेचा खडा दातांत धरला, चहाचा घोट घेतला, आणि चादरीच्या टोकाशी खेळत बसली. मग म्हणाली, "गेल्या थंडीत पडले मी. तिथे, तंदूरापाशी. गुडघा वळेना, उठता येईना. बर्फ पडत होतं. शेजारीण हरवलेली बकरी शोधायला आली म्हणून दिसले, नाहीतर संपलंच होतं. बकरीमुळे वाचले, बघ."

"फरामर्झला सांगितलं नाहीत?"

"कशाला? काळजी करेल."

"मग त्याच्याकडे जाऊन राहा ना, बीबी! तो बोलावत नाही का?"

"बोलावतो की. दर नवरोजला बोलावतो. सूनही बोलावते. 'या, आमच्या डोळ्यांवर तुमची जागा.'" ती हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं. "तसं तर मीही वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाला जेवायला या म्हणते. त्यातला एखादा खरंच आत शिरला तर? दोन खोल्यांचं बिऱ्हाड त्यांचं. गाठोडं घेऊन दारात उभी राहिले आणि सुनेच्या कपाळाला आठी पडली, तर मी ती आठी बघून परत कुठे जाऊ? आणि गाव काय म्हणेल? सनोबरला नवऱ्याचं घर सांभाळता आलं नाही, लेकाच्या गळ्यात पडली."

मी तिचा रिकामा पेला भरला.

"पण राजाने काढलं असतं तर गोष्ट वेगळी होती," बीबी म्हणाली. "सरकार आलं, खणलं, घर घेतलं. म्हातारी काय करेल बिचारी? मग लेकाकडे जाण्यात लाज नाही. मला वाटलं, दगड निघाला की घर जाईल. आता तो घामट माणूस म्हणतो, मरेपर्यंत इथेच राहा! इथेच तर मरायचं नाहीये मला, पोरी." आणि ती रडायला लागली, अगदी आवाज न करता.

माझी अवस्था काय झाली सांगू? नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी नकाशावरची रेघ कुणासाठी बोटभरही सरकवलेली नाही. मंत्र्याच्या मेहुण्यासाठी नाही, स्वतःच्या काकासाठी नाही. काका मरेपर्यंत बोलला नाही माझ्याशी. आणि आता एका म्हातारीसाठी सरकवू?

मी बाहेर आले, इरजकडून नकाशा घेतला आणि तंदूराच्या खड्ड्यापाशी बसले. तिथे बसल्यावर मला स्वतःचाच राग आला. सरकवायची कुणाला होती? दरवाजा एका खांबावर उभा राहतो का? दोन भिंती आम्हाला सापडल्या होत्या, त्यांची जाडी माहीत होती, वाटेचा मध्य माहीत होता. जेवढा हा तळखडा मध्यापासून अलीकडे, तेवढाच दुसरा पलीकडे असणार. मी फीत धरली, इरजने दुसरं टोक धरलं आणि चालत गेला. तो बीबीच्या घराच्या भिंतीपाशी थांबला, फीत खिडकीतून आत टाकली, आत गेला आणि तिथून ओरडला, "पलंगाखाली!"

हे मला आधी का दिसलं नव्हतं? दिसलं होतं. पण खणून पाहिल्याशिवाय कागदावर लिहायचं नाही, ही माझी शिस्त. शिस्त चांगलीच आहे. पण हद्द आखायची असते ती न खणलेल्याचीच.

सकाळी तवक्कोली आले तेव्हा पुन्हा अख्खं गाव जमलेलं. मी नकाशा त्यांच्यापुढे धरला. "घरही जाईल," मी म्हटलं.

"काय? कशाला? बाईला बेघर करता?"

"दुसरा खांब तिच्या पलंगाखाली आहे."

"पुरावा?"

"मी सांगतेय ना!"

तवक्कोलींनी घाम पुसला. "खानुम डॉक्टर, उद्या घर रिकामं केलं, जमीन उकरली आणि तिथे काही निघालंच नाही तर? तेहरानला तुमचे ते दानेशी टपूनच बसलेत. शेवटच्या हंगामात फजिती होईल."

"नाही निघाला तर लिहा, ठळक अक्षरांत लिहा: अख्तर सोरूशी चुकली. खाली सही मी करते." असं म्हणून मी तिथेच, गुडघ्यावर नकाशा ठेवून, रेघ ओढली. घराच्या पलीकडून.

आणि मग बीबी सनोबरने जे काही केलं! अशी किंकाळी मारली की डाळिंबावरच्या चिमण्या उडाल्या. छाती पिटली, जमिनीवर बसली, मूठभर माती उचलून चादरीवर घेतली. "अहो बघा हो! विधवेला घराबाहेर काढतायत! नवऱ्याने हाताने बांधलेलं घर! हिला मी चहा पाजला, डाळिंबं चारली, आणि ही माझ्याच पलंगाखाली राजा शोधते! अगं डॉक्टर, तुझी करणी तुझ्या पदरात पडो!" बायका तिला सावरायला धावल्या आणि माझ्याकडे अशा बघायला लागल्या की डोळ्यांनीच फाडून खातील. एकीने तर माझ्या पायांपाशी थुंकून घेतलं. मी मान खाली घातली आणि निमूट ऐकून घेतलं. बीबी मध्येच चादरीच्या आडून माझ्याकडे पाहून डोळा मिचकावेल असं मला वाटलं होतं, पण नाही. फार पक्की बाई.

फरामर्झ पिकअप घेऊन आला, बरोबर त्याची बायको मनीजेह. सामान ते काय, दोन गालिचे, पेटी, समोवार, भांडी. फरामर्झ माझ्याशी बोललाच नाही, गालिचे गुंडाळत राहिला. पण मनीजेहने मला घरामागे गाठलं, मागेपुढे बघितलं, आणि माझ्या गळ्यातच पडली. मला कळेना.

"देव तुमचं भलं करो, खानुम डॉक्टर! तुमच्या त्या राजाचंही भलं करो!" ती डोळे पुसत म्हणाली. "किती वर्षं आम्ही विनवतोय त्यांना. दर नवरोजला. 'नको गं, तुम्हाला कशाला त्रास,' एवढंच उत्तर. आम्हाला वाटायचं, नवऱ्याचं घर सोडवत नाही त्यांना, जास्त बोललं तर दुखावतील. खोली रंगवून ठेवलीय. त्यांना गुडघ्यामुळे खाली बसता येत नाही, म्हणून खुर्चीसारखा संडास बसवून घेतलाय न्हाणीघरात."

"हे त्यांना सांगितलंस कधी?"

"अय्या! सासूला असलं कसं सांगायचं?"

मी कपाळावर हात मारला. "जा घेऊन त्यांना," मी म्हटलं. "आणि पोहोचल्या पोहोचल्या आधी न्हाणीघर दाखव."

पिकअप निघाला तेव्हा बीबी पुढे दोघांच्या मध्ये बसली होती, गावाला ऐकू जाईल असं रडत. वळणापर्यंत रडणं ऐकू येत होतं.

घर उतरवायला आम्हाला वेळ लागला, कारण मी ते पाडू दिलं नाही, छपराच्या वाशांपासून एकेक करून काढायला लावलं. मग खोलीची जमीन. वरचा मातीचा लेप, त्याखाली जुना लेप, त्याखाली भरावाची माती. इरज म्हणाला, "तुम्हीच धरा." मी थापी धरली. खोटं कशाला बोलू, त्या सकाळी मी नाश्ता केला नव्हता. पण दुपार व्हायच्या आत आवाज बदलला. करडा दगड, पाकळ्या, एका बाजूचा कपचा उडालेला, आणि खाली गोटे. पलंगाचे पाय जिथे टेकत होते त्याच्या अगदी मधोमध. फीत धरली तर मध्यापासून पहिल्या तळखड्याइतकंच अंतर, दोन बोटांचाही फरक नाही. मी इरजला म्हटलं, तवक्कोलींना फोन लाव, आणि दानेशींना मी स्वतः लावते. पण त्याआधी मी शीराझला लावला.

मनीजेहने उचलला. पाठीमागून बीबीचा आवाज येत होता, कोबीच्या भातात तिखट किती घालायचं यावर ती कुणालातरी दटावत होती. मनीजेह हसत म्हणाली, "आल्यापासून स्वयंपाकघर ताब्यात घेतलंय. देते हं."

"कोण, डॉक्टर?" बीबी म्हणाली. आवाज खणखणीत. "कशी आहेस पोरी? अगं, इथे सगळं उत्तम आहे. सून गुणाची आहे. आणि ते न्हाणीघर, काय सांगू तुला! ऐक, मी दर गुरुवारी दर्ग्यात जाऊन तुझ्यासाठी क्षमा मागते."

"क्षमा? कशाची?"

"माझ्यासाठी खोटं बोललीस ना, एवढ्या लोकांसमोर. पलंगाखाली खांब म्हणे! मला काय कळलं नाही होय? एवढी मानी बाई तू, म्हातारीची लाज राखायला आपली लाज पणाला लावलीस. माझ्या नावावर आहे ते पाप. मी सांगितलंय देवाला."

"बीबी," मी म्हटलं, "मी खोटं नव्हते बोलले. खांब आहे. आत्ताच निघाला. तुमच्या पलंगाखाली, मधोमध."

पलीकडे पळी भांड्यात पडली.

"बीबी?"

"खरंच आहे?"

"खरंच. हाताखाली आहे माझ्या."

"म्हणजे घर... खरंच घेतलं राजाने?" ती म्हणाली. आवाज एकदम लहान झाला होता. "मला वाटलं, आपण दोघींनी मिळून... मला वाटलं, घर अजून तिथेच आहे. तुम्ही नुसती रेघ ओढलीत. खोली उकरलीत का गं? त्या खोलीत मी नवरी म्हणून आले होते. फरामर्झ तिथेच झाला. भिंतीला मी स्वतः लेप दिला होता, निळ्या मातीचा."

"लेप ठेवलाय मी, बीबी. एक मोठा तुकडा, जसाच्या तसा."

पण तिने ते ऐकलं नसावं. फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला आणि मग रडणं. गावासमोर छाती पिटून केलेलं ते रडणं नव्हे. हे अगदी हळू, मोडत मोडत येणारं. मी तळखड्यावर हात ठेवून ऐकत बसले. मलाही हुंदका आला, इरज समोर होता तरी.

मनीजेहने फोन उचलला. घाबरली होती. "खानुम डॉक्टर, काय सांगितलंत त्यांना? भात तसाच टाकून जमिनीवर बसल्यात. काय करू मी?"

"काही करू नकोस," मी म्हटलं. "शेजारी बस त्यांच्या. रडू दे. आणि चहा ठेव, नको म्हणाल्या तरी."